कुठला किलो?

"आकडा मला सांगू नका हं," एवढं म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

२०१८चा ऑगस्ट, सकाळचे साडेसहा. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, चहूबाजूंनी मक्याची शेतं असलेल्या एका गावात, तिथल्या विद्यापीठाच्या तळघरात आमची प्रयोगशाळा आहे. तिथल्या डेक्सा नावाच्या यंत्राच्या टेबलावर अठरा वर्षांची एक गोलकीपर उताणी पडली होती. पायांचे अंगठे एकमेकांकडे वळवून वर वेल्क्रोची पट्टी बांधलेली, कानातले काढून माझ्या वाटीत ठेवलेले, रात्रीपासून पोटात काही नाही. यंत्राचा हात तिच्या अंगावरून इकडून तिकडे सरकत होता आणि पडद्यावर तिची हाडं, स्नायू, चरबी ओळीओळीनं उमटत होती. सात-आठ मिनिटांचं काम. तेवढ्या वेळात मला तिच्याबद्दल जे कळलं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि नकोही होतं.

मी तिथली तंत्रज्ञ. प्राध्यापक प्रकल्प आखतात, पीएचडीची पोरं पेपर लिहितात, मी यंत्र चालवते. कोल्हापूरहून नवऱ्याच्या नोकरीपायी इथं आले, मुलगा शाळेत जायला लागल्यावर पुन्हा शिकले आणि ह्या तळघरात चिकटले. दर ऑगस्ट, डिसेंबर आणि एप्रिलमध्ये मुलींच्या सॉकर संघाची मापं घ्यायची, हा माझ्या कामाचा एक मोठा भाग. (फुटबॉल म्हटलं की इथं हेल्मेट घातलेले धिप्पाड बाप्ये डोळ्यांपुढे येतात, म्हणून सॉकर. शिवाजी पेठेतल्या माणसाची जीभ हा शब्द उच्चारताना अजून अडखळते.) पुढे ज्या मुलींबद्दल लिहिणार आहे, त्यांची ओळख पटू नये इतपत फेरफार मी केले आहेत.

मी वाढले त्या घरात शरीराची मोजमापं तोंडी व्हायची, आणि तीही उंबऱ्यातच. सुट्टीला मामाकडे गेलं की चपला काढायच्या आत मामीचा निकाल लागलेला असे. "वाळलीस की गं!" नाहीतर, "यंदा अंग धरलंस हं." सडसडीत, शेलाटी, काटकुळी, हाडकुळी, काटक, भरलेली, गुटगुटीत, थोराड, आडव्या अंगाची, पाप्याचं पितर. शब्दांची ददात नव्हती. 'तब्येत' ह्या शब्दाची तर मला अजून गंमत वाटते. तब्येत बिघडली म्हणजे आजार, पण तब्येत सुधारली म्हणजे बाई जाड झाली. ते कौतुक की टोमणा, हे बोलणारीच्या भुवयांवरून ओळखायचं.

आमच्या पेठेत तालमी. पहिलवानाचं वजन वाढलं की अख्खी गल्ली खूश. त्याच्यासाठी दूध, तूप, बदाम, थंडाई. त्याला खुराक म्हणायचं. हा शब्द मुलीच्या खाण्यासाठी वापरलेला मी ऐकलेला नाही. तिला 'चार घास' मिळायचे, 'उरलंसुरलं' मिळायचं, फार तर बाळंतपणात डिंकाचे लाडू मिळायचे. कोल्हापुरात तालमींच्या नावाचे फुटबॉल संघही आहेत. शिवाजी विरुद्ध पाटाकडील असा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठेतले पुरुष गायब. आम्हा मुलींना खेळाडूंची नावं पाठ, कुणाचा डावा पाय चालतो तेही पाठ. आमच्या पायाशी चेंडू मात्र कुणी टाकला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही मागितला नाही. मी 'सडसडीत' होते. हे माझं बिरूद होतं. पाच फूट दोन इंच, सत्तेचाळीस किलो. बघायला आलेल्या मंडळींना आईनं ते वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि आता माझ्यापुढे पाच फूट नऊ इंच उंचीची, सत्त्याहत्तर किलोंची मुलगी डोळे मिटून पडली होती.

तिला आकडा का नको होता ते पुढे कधीतरी तिनंच सांगितलं. पंधरा वर्षांची असताना तिच्या क्लबमधल्या एका प्रशिक्षकानं सगळ्या मुलींची चरबीची टक्केवारी फळ्यावर लिहिली होती. उतरत्या क्रमानं. तिचं नाव सगळ्यात वर होतं, कारण गोलकीपर. सगळ्या संघांत बहुधा गोलकीपरची टक्केवारीच मैदानातल्या बाकी मुलींपेक्षा जास्त भरते. तिचं काम नव्वद मिनिटं पळण्याचं नसतं. हवेत झेपावायचं, जमिनीवर आदळायचं आणि उठायचं, असं असतं. पण पंधराव्या वर्षी फळ्याकडे बघताना हे कोण सांगणार?

तिच्या उंचीला सत्त्याहत्तर किलो म्हणजे बीएमआय पंचविसाच्या जरा वर. तक्त्याप्रमाणे ती 'जादा वजनाची'. हा तक्ता मुळात बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाच्या सूत्रावर उभा आहे. एकोणिसाव्या शतकात तो 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होता. त्याला लोकसंख्येत रस होता, एखाद्या माणसाच्या पोटात नव्हे. किलोला उंचीच्या वर्गानं भागा, झालं. तो किलो कशाचा, हे सूत्र विचारतच नाही. डेक्सा ते विचारतं. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण अंगातून जातात; हाड, स्नायू आणि चरबी त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात; त्या फरकावरून यंत्र हिशोब मांडतं. किरणांची मात्रा इतकी कमी की एका दिवसात आपल्याला निसर्गातून त्याहून जास्त मिळतात. तरी नियम म्हणून प्रत्येकीची आधी गरोदरपणाची चाचणी करावी लागते. मी ती पट्टी हातात ठेवते तेव्हा अठरा वर्षांच्या पोरी खुदकन हसतात. पहिल्या वर्षी मीच जास्त लाजले होते.

त्या दिवशी पडद्यावर दिसलं ते असं: मांड्यांत आणि पाठीत भरघोस स्नायू, मजबूत हाडं, आणि त्या वयाच्या बाईला शोभेल एवढी चरबी. बाईच्या शरीराला सुमारे बारा टक्के चरबी नुसती जगायला लागते. पुरुषाचं तीन टक्क्यांत भागतं. कॉलेजच्या सॉकरपटूंची टक्केवारी साधारण वीस ते पंचवीसच्या आसपास असते, यंत्र आणि पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो. चिमटा लावून कातडीची घडी मोजणाऱ्याचा आकडा वेगळा, हवेच्या डब्यात बसवून मोजणाऱ्याचा वेगळा, आमचा वेगळा. हे तिला सांगायला माझे ओठ शिवशिवत होते. पण तिनं नको म्हटलं होतं. मी कागद पाकिटात घातला आणि पाकीट कपाटात.

इथल्या कॉलेज सॉकरच्या वर्षाला मी मनातल्या मनात खरीप आणि रब्बी म्हणते. खरीप म्हणजे ऑगस्ट ते नोव्हेंबर, खरे सामने. रब्बी म्हणजे जानेवारी ते एप्रिल, वजनं उचलायची, चुका सुधारायच्या, मोजके मैत्रीचे सामने खेळायचे. मधल्या उन्हाळ्यात मुली घरी जातात, कुणी आइस्क्रीमच्या दुकानात काम करते, कुणी लहान मुलांना खेळ शिकवते, आणि सोबत दिलेल्या कागदाप्रमाणे स्वतःच्या जबाबदारीवर पळायचं असतं. पळाल्या की नाही ते ऑगस्टमधल्या यो-यो चाचणीत उघडं पडतं. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, दहा सेकंद पावलं टाकत श्वास गोळा करायचा, पुन्हा जायचं. दर थोड्या वेळानं भोंगा घाई करतो. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी ही चाचणी फुटबॉलच्या चालीवर बेतली. फुटबॉलमध्ये कुणी एका लयीत पळत नाही. सुटतं, थबकतं, चालतं, पुन्हा सुटतं.

खरिपात आठवड्याला दोन सामने, बहुतेक गुरुवारी आणि रविवारी. मधल्या फळीतली मुलगी एका सामन्यात नऊ-दहा किलोमीटर पळते. घड्याळ इथं उलटं चालतं, पंचेचाळीसवरून शून्यावर. त्यात सहा-सहा तासांचे बसप्रवास, बसमध्ये सेंद्रिय रसायनशास्त्राचा अभ्यास, रात्री मोटेलात पिझ्झा. नोव्हेंबर उजाडेपर्यंत एकीच्याही उडीची उंची ऑगस्टइतकी राहिलेली नसते. मग परीक्षा, नाताळ, घर, आईच्या हातचं. जानेवारीत परततात तेव्हा दम गेलेला असतो. दम सगळ्यात आधी जातो. दोन-तीन आठवडे पळणं थांबलं की रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी होतो आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ढकलायला रक्तच कमी मिळतं. ताकद त्या मानानं चिवट असते, ती महिनाभर तग धरते. एप्रिलमध्ये वजनं उचलून उचलून स्नायूंचा आकडा वर सरकतो आणि मुली खूश होतात. पण त्या खुशीतही एक मेख आहे. यंत्राला स्नायू आणि पाणी वेगळं ओळखता येत नाही. स्नायूत साठलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकून बसतं. आदल्या रात्री पास्ता चापून आलेली मुलगी सकाळी 'स्नायू वाढलेली' दिसते. म्हणून उपाशी पोट, म्हणून ठरलेली वेळ, म्हणून लघवीचा थेंब भिंगाखाली. विज्ञानातला बराच वेळ असाच जातो.

पहिल्या वर्षाच्या मुलींना इथं 'फ्रेशमन फिफ्टीन'चा धाक घालतात. म्हणजे घर सोडून कॉलेजात आलं की पहिल्या वर्षात पंधरा पौंड वाढतातच. ज्यांनी खरोखर मोजून पाहिलं त्यांना सरासरी वाढ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आतच आढळली. पण वदंता मोजून मरत नाही. ह्या धाकापायी एक मुलगी ऑक्टोबरात सॅलडवर आली होती.

तिला मी मधल्या फळीतली म्हणेन. अंगानं काडी, पळण्यात वारा. आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असतो, शेवटची पाळी कधी आली? तिनं लिहिलं, मे महिन्यात. ऑक्टोबर चालू होता. मी पुन्हा विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, "बरंच आहे ना, सामन्यांच्या मध्ये कटकट नाही." तिला वाटत होतं की हे कसून सराव केल्याचं लक्षण आहे. आधीच्या शाळेतल्या मोठ्या मुलींनीही तिला तसंच सांगितलं होतं.

आमच्याकडे पाळी आली की आजी 'कावळा शिवला' म्हणायची आणि आम्ही चार दिवस कोपऱ्यात. पाळी न येण्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही, लग्न होईपर्यंत. इथं सगळं बोलतात अशी माझी समजूत होती. तीही खोटी निघाली.

हिशोब साधा आहे. दिवसभरात खाल्लेल्यातून व्यायामात जाळलेलं वजा करा. जे उरतं त्यावर हृदय, मेंदू, हाडं, पाळी, जखमा भरणं, सगळं चालायचं असतं. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज पंचेचाळीस किलोकॅलरी उरल्या तर घर नीट चालतं. तिसाच्या खाली गेलं की शरीर खर्चाला कात्री लावतं. आणि अडचणीत आलेल्या घरासारखंच ते आधी पुढच्या पिढीची तरतूद बंद करतं. मग हाडांची डागडुजी. १९९०च्या दशकात ह्याला 'खेळाडू स्त्रीचं त्रिकूट' म्हणायचे: कमी खाणं, पाळी जाणं, हाडं ठिसूळ होणं. २०१४मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याची व्याप्ती वाढवली आणि सापेक्ष ऊर्जा-तुटवडा असं बोजड नाव दिलं, कारण तीनपेक्षा कितीतरी जास्त गोष्टी बिघडतात, आणि पुरुषांच्याही बिघडतात. हाडांची जन्मभराची पुंजी वयात येण्यापासून विशीपर्यंत जमा होत असते. म्हणजे ह्या चार वर्षांतही.

मी तो कागद नियमाप्रमाणे संघाच्या डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञाकडे पाठवला. पण नोव्हेंबरात तिच्या नडगीला बारीक तडा गेला. चाचणीत तिची चरबीची टक्केवारी संघात सगळ्यात कमी होती. त्या क्लबातल्या फळ्यावर ती सगळ्यात खाली असती, म्हणजे पहिली.

आणखी एक होती, डाव्या बगलेवर पळणारी. सप्टेंबरपर्यंत भिंगरी, ऑक्टोबरात गोगलगाय. प्रशिक्षकांना वाटलं आळस, तिला वाटलं आपण संपलो. डेक्सावर सगळं जिथल्या तिथं. कारण माझ्या यंत्राला रक्त दिसत नाही. शरीरातला लोहाचा साठा तळाला गेला होता. एकोणीस ते पन्नास वयाच्या बाईला रोज अठरा मिलिग्रॅम लोह लागतं असं इथलं प्रमाण सांगतं, पुरुषाला आठ. हे वाचलं तेव्हा मी आईला फोन केला. आई आयुष्यभर दुपारी 'जरा पाठ टेकते' म्हणायची आणि आम्ही तिला आळशी म्हणायचो. भारतात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. आईला मी एवढंच विचारलं, "तुझं हिमोग्लोबिन कधी बघितलं होतं का गं?" ती म्हणाली, "तुझ्या वेळेला बघितलं असेल."

मार्च २०२०मध्ये तळघराला कुलूप लागलं. टेबलावर प्लास्टिक टाकून मी घरी गेले, दोन आठवड्यांनी येऊ ह्या समजुतीनं. एप्रिलचा रकाना रिकामा राहिला, कायमचा. मुली आपापल्या गावी. कुणी पाठीवरच्या पिशवीत पाठ्यपुस्तकं भरून बैठका मारल्या, कुणी गॅरेजच्या दारावर चेंडू बडवून शेजाऱ्यांशी भांडण घेतलं, कुणी नुसतीच झोपली. एकीचे वडील त्या वर्षी गेले. ऑगस्टमध्ये त्या मास्क लावून परत आल्या आणि आम्ही मापं घेतली. संघाची सरासरी काढली तर आदल्या वर्षीच्या जवळपास तीच! प्राध्यापकांनी आकडे दोनदा तपासले. बरोबर होते. काही मुली आयुष्यातल्या सगळ्यात उत्तम तब्येतीत परतल्या होत्या, काही पार ढासळल्या होत्या, आणि दोन्ही मिळून मधे एक शांत आकडा तयार झाला होता. ह्या आकड्याला मी तेव्हापासून जरा वचकून असते. त्या मोसमाची राष्ट्रीय स्पर्धा पुढच्या वसंतात ढकलली गेली. मे २०२१मध्ये सँटा क्लारानं फ्लोरिडा स्टेटला पेनल्टींवर हरवलं, तो अंतिम सामना मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता पाहिला.

चार वर्षांच्या पाहणीचा प्रबंध झाला तेव्हा त्यातली रेष जवळपास आडवी होती. वजन थोडं वर, स्नायू थोडे वर, चरबी जवळपास तिथंच. हंगामागणिक लाटा, पण वर्षांमागून वर्षं फारसा फरक नाही. वाचणाऱ्याला वाटावं की ह्या मुलींना चार वर्षांत काही झालंच नाही. शिवाय त्या रेषेत एक चोरवाट आहे. २०१८मध्ये त्या वर्गात नऊजणी आल्या होत्या, २०२२मध्ये पाच उरल्या. एकीच्या गुडघ्याचा लिगामेंट दोनदा तुटला (हा एसीएल मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त तुटतो), एक दुसऱ्या विद्यापीठात गेली, एकीनं पैशांअभावी सोडलं, आणि ती मधल्या फळीतली नडगी भरून आल्यावर परतलीच नाही. लांब मुदतीच्या पाहणीत जे टिकतात त्यांचीच सरासरी निघते. गेलेल्यांच्या नावापुढे एक बारीक आडवी रेघ असते.

इथल्या मुलींना खेळायला मिळतं ते १९७२च्या एका कायद्यामुळे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही, एवढंच तो म्हणतो. दहा वर्षांनी, १९८२मध्ये एनसीएए ह्या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेनं मुलींची पहिली राष्ट्रीय सॉकर स्पर्धा घेतली. नॉर्थ कॅरोलायनानं जिंकली आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक वेळा तीच जिंकत राहिली. १९९१मध्ये चीनमध्ये बायकांचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा सामने ऐंशी मिनिटांचेच ठेवले होते. उरलेली दहा मिनिटं बायकांना झेपतील की नाही, अशी शंका असावी. मी तेव्हा कोल्हापुरात तेरा-चौदा वर्षांची, सडसडीत.

त्या सडसडीतपणाचं पुढे काय झालं ते सांगते. यंत्र चालवणाऱ्याचा हात किती स्थिर आहे हे तपासायला आमच्याकडे एक रीत आहे: तीस जणांचं दोनदा किंवा पंधरा जणांचं तीनदा स्कॅन करायचं, दर वेळी टेबलावरून उठवून पुन्हा झोपवायचं, आणि आकडे किती हलतात ते बघायचं. २०१९च्या हिवाळ्यात माणसं कमी पडत होती, म्हणून मीही झोपले. सहकारीण पडद्याकडे बघत होती आणि मी छताकडे. उठले, कागद घेतला, आणि मला वाटलं कुणाचा तरी दुसऱ्याचा आला. माझं वजन तेव्हा बावन्न किलो. माझी चरबीची टक्केवारी त्या सत्त्याहत्तर किलोच्या गोलकीपरपेक्षा चांगलीच जास्त होती. मांड्यांत स्नायू नावापुरते, चरबी सगळी पोटात दबा धरून बसलेली. हाडांचा आकडा बेताचा. तीनदा झोपले, तिन्ही वेळा तेच. माझ्या सहकारिणीचा हात अगदी स्थिर होता.

मला ह्याचं नवल वाटायला नको होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं हेच सांगत आले आहेत. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला सारखे, आतून वेगळे. आपल्याकडची बाळंसुद्धा वजनानं कमी आणि तरी चरबीनं त्या मानानं जास्त जन्मतात, हे त्यांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून पुढे आलं. हे मी शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्क मिळवले होते. आपण त्या फोटोत उजवीकडे उभे आहोत की डावीकडे, हा प्रश्न मात्र मला पडला नव्हता. मामीनं मला सडसडीत म्हटलं होतं ना.

२०२१मध्ये एका मोठ्या विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स संघातल्या मुलींनी ह्याच यंत्राच्या जाचाबद्दल वर्तमानपत्राला सांगितलं आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर आमच्याकडेही नियम बदलला. आकडे प्रशिक्षकांकडे जात नाहीत. मुलीकडे जातात, ते तिला हवे असले तर, आणि आहारतज्ज्ञ शेजारी बसलेली असताना. फार उशिरा आलेलं शहाणपण, पण आलं.

एप्रिल २०२२. गोलकीपर शेवटच्या मापाला आली. चार वर्षांत तिनं एकदाही पाकीट उघडलं नव्हतं. सवयीनं पाय जुळवले, मी पट्टी बांधली. ह्या वेळी डोळे उघडे होते. यंत्र थांबल्यावर म्हणाली, "सगळे काढाल का? पहिल्यापासून."

मी कपाटातून पाकिटं काढली. दहा. एक नव्हतं, टाळेबंदीचं. आहारतज्ज्ञबाईंना बोलावलं आणि आम्ही तिघी जमिनीवरच कागद पसरून बसलो. वजन ऑगस्ट २०१८ला सत्त्याहत्तर, आता साडेसत्त्याहत्तर. ती हसायला लागली. "चार वर्षं घाबरले ते ह्या अर्ध्या किलोला?" मग तिनं खालचे आकडे वाचले. चरबी दोन किलोंनी कमी, स्नायू अडीच किलोंनी जास्त, हाडांत थोडीशी भर. तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात सगळं उलटं गेलं होतं. तिथं बोट ठेवून ती गप्प झाली. कोणता महिना ते तिला ठाऊक होतं, आम्ही विचारलं नाही. जाताना तिनं पहिला आणि शेवटचा कागद घेतला, घडी घालून मोज्यात खोचला, नडगीचं कवच खोचतात तसा. मधले मला ठेवायला दिले.

त्याच वर्षी, २०२२च्या डिसेंबरात, कोल्हापूरला गेले. विश्वचषकाचे दिवस, गल्लीगल्लीत निळे-पांढरे आणि पिवळे झेंडे. दारात आई म्हणाली, "किती वाळलीयस गं. तिकडं काय खायला मिळत न्हाई काय?" मी वाळले नव्हते. तीन किलो वाढले होते, वजनं उचलायला लागल्यापासून. पण उंबऱ्यात वाद घालत नाहीत.

भावाची मुलगी दहावीत. ती खेळते. शाळेच्या संघात आहे, बूट आहेत, नडगीची कवचं आहेत, गुडघ्यांवर खपल्या आहेत. वहिनींना तिचं कौतुक आहे आणि काळजीही. "मांड्या बघा की हिच्या वन्सं. एक जीन्स बसत न्हाई. काळी पडलीया ती वेगळीच." भाची ताटातली भाकरी अर्धी ठेवून उठायला लागली होती. मी तिला म्हटलं, ती संपव, मग गांधी मैदानावर जाऊ.

वहिनीही आल्या, मटार घ्यायला निघाले आहे असं सांगून. मैदानाच्या एका कडेला पोरं खेळत होती, त्यांनी कुरकुरत थोडी जागा दिली. माझ्या फोनवर भोंग्याची साधी चाचणी होती, वीस मीटरची. ताशी साडेआठ किलोमीटरनं सुरू होते आणि दर मिनिटाला अर्ध्यानं वाढते. वीस लांब ढांगा मोजल्या. एका टोकाला भाचीची चप्पल ठेवली, दुसऱ्या टोकाला वहिनींची. वहिनी अनवाणी कट्ट्यावर बसल्या, फोन त्यांच्या हातात.

"आत्या, तू पण पळ की," भाची म्हणाली.

पळाले. पहिले तीन टप्पे गप्पा मारत. चौथ्यात गप्पा बंद. पाचव्याला मी साडीवाल्या काकूंसारखी कमरेवर हात ठेवून बाजूला झाले, आणि भाची पळत राहिली. सहावा. सातवा. पोरांचा खेळ थांबला होता, ती बघत होती. वळताना ती एका पायावर सगळं वजन टाकायची, गुडघा जरासा आत यायचा. हे तिला शिकवायला हवं, मी मनात टिपून ठेवलं. मांडी ताणली जायची आणि ती चपलेपासून सुटायची, भोंग्याच्या अर्धा क्षण आधी. आठवा. चेहरा लालबुंद.

"अगं चप्पल सरकली ती!" वहिनी एकदम ओरडल्या. "पोरीला जास्त पळायला लागलंय की!" आणि फोन माझ्याकडे टाकून, पदर खोचून, मटाराची पिशवी तशीच कट्ट्यावर ठेवून त्या अनवाणी मैदानात धावल्या, चप्पल जागेवर लावायला.